प्रतिदीप्त हायड्रोजेल संवेदक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘चमकणाऱ्या जेलने पाण्यातला पारा ओळखला’ अशा धर्तीची बातमी आली की विद्यार्थी, शिक्षक, शेतकरी आणि मधुमेह असलेले वाचक यांच्याकडून साधारण तेच प्रश्न पुन्हा येतात. असं जेल म्हणजे प्रतिदीप्त हायड्रोजेल संवेदक: आजूबाजूला झालेला बदल स्वतःच्या चमकेने दाखवणारं जेल. ते प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. उत्तराचा एखादा धागा दुसरीकडे उलगडला असेल, तर तिथला प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. हायड्रोजेल म्हणजे नेमकं काय?

पाण्याची ओढ असलेल्या, पण पाण्यात विरघळून न जाणाऱ्या पॉलिमरचं जाळं. पॉलिमरच्या लांब साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधलेल्या असतात. त्यामुळे त्या सुट्या होत नाहीत, पाणी पिऊन फुगतात आणि आकार धरून राहतात. भिजवलेल्या सब्जाच्या दाण्याभोवतीचं पारदर्शक, बुळबुळीत आवरण हे निसर्गाने बनवलेलं हायड्रोजेलच.

माणसाने मुद्दाम घडवलेल्या हायड्रोजेलची गोष्ट प्रागमध्ये सुरू होते. ओट्टो विख्टरले आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० साली शरीरात वापरता येतील अशा जेलविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी, १९६१च्या नाताळात, विख्टरले यांनी घरीच ‘मेर्कुर’ नावाच्या मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे भाग वापरून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतण्याचं यंत्र उभं केलं. लेन्सच्या त्याच कुळातलं पॉलिमर आज दंडात बसवायच्या ग्लुकोज संवेदकात आहे (प्रश्न १३).

२. शेतात ओलावा टिकवायला टाकतात ते हायड्रोजेल हेच का?

कुळ तेच, काम वेगळं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं ‘जलशक्ती’ किंवा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं ‘पुसा हायड्रोजेल’ यांचं काम भरपूर पाणी शोषून ते मुळांना हळूहळू देणं हे आहे. संवेदकाच्या जेलला किती पाणी धरलं यापेक्षा आजूबाजूला काय बदललं ते दाखवायचं असतं.

शेतकऱ्यांना माहीत असलेली एक गोष्ट मात्र इथेही लागू पडते. क्षारयुक्त, जड पाण्यात जेल कमी फुगतं, कारण कॅल्शियमसारखे आयन साखळ्यांवरच्या ऋण भारांना एकमेकांजवळ ओढतात. शेतात ही कटकट असते. संवेदकात हीच गोष्ट कधी उपयोगी पडते, तर कधी चकवते (प्रश्न १७).

३. प्रतिदीप्ती म्हणजे गाडीवरच्या ‘रेडियम’सारखी चमक का?

नाही. नंबरप्लेटवरचं ‘रेडियम’ हेडलाइटचा प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतं, त्यात रंग तयार होत नाही. अंधारात बराच वेळ चमकत राहणारे तारे-चांदण्यांचे स्टिकर प्रकाश साठवून सावकाश सोडतात. प्रतिदीप्तीत पदार्थ कमी तरंगलांबीचा प्रकाश, बहुधा अतिनील किंवा निळा, शोषतो आणि साधारण काही नॅनोसेकंदांत जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो. टॉर्च बंद केला की चमकही तत्क्षणी बंद.

जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ साली क्विनाइनच्या द्रावणावर याचा बारकाईने अभ्यास केला. शोषलेल्या आणि सोडलेल्या प्रकाशातल्या फरकाला आजही त्यांचंच नाव आहे. संवेदकाला हा फरक फार कामाचा असतो. पाठवलेला प्रकाश गाळणीने अडवला की उरलेली चमक काळ्या पार्श्वभूमीवर मोजता येते, आणि म्हणूनच साध्या रंगबदलापेक्षा ही पद्धत खूप कमी प्रमाण पकडू शकते.

४. चमकणारा रंग थेट पाण्यात टाकला तर चालत नाही का? जेल कशासाठी?

प्रयोगशाळेतल्या एका चाचणीपुरता चालतो. पण विहिरीत, जखमेवर किंवा त्वचेखाली रंग सोडून देता येत नाही. जेल त्याला जागेवर धरून ठेवतं आणि लहान रेणू-आयनांना आत येऊ देतं. प्रथिनं, गाळाचे कण, जिवाणू हे मोठे पाहुणे बरेचसे बाहेर राहतात. संवेदक उचलून धुता येतो, पुन्हा बुडवता येतो.

माझ्या मते याहून मोठं कारण वेगळं आहे. जेल फुगतं-आकसतं, त्यावर भार असतो, आतला ओलसरपणा बदलतो, आणि या सगळ्याचा परिणाम आतल्या चमकणाऱ्या रेणूवर होतो. म्हणजे जेल स्वतः संवेदकाचा अर्धा भाग आहे. त्याला नुसतं भांडं समजून केलेले संवेदक खऱ्या पाण्यात उतरले की फसतात. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ इथेच आहे.

५. जेलला बदल ‘कळतो’ कसा?

मुख्य वाटा चार. प्रत्यक्षात एका जेलमध्ये दोन-तीन एकत्रही असतात.

पहिली: पकडणारा हात आणि चमकणारा भाग एकाच रेणूत. हात रिकामा असताना त्यातला इलेक्ट्रॉन चमकणाऱ्या भागाकडे उडी मारतो आणि चमक विझवतो. हाताने आयन पकडला की ही उडी थांबते आणि चमक परत येते. मूळचे श्रीलंकेचे आणि बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात काम केलेले ए. पी. डी सिल्वा यांनी ही रचना पद्धतशीरपणे विकसित केली. याच तत्त्वावरचे संवेदक रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम मोजणाऱ्या यंत्रांत पोहोचले. प्रयोगशाळेतली कल्पना रुग्णाच्या खाटेपर्यंत गेल्याचं या क्षेत्रातलं हे सर्वांत भरीव उदाहरण, असं मला वाटतं.

दुसरी: विझवणं. ऑक्सिजन, क्लोराइड, तांबं, पारा असे काही पदार्थ चमकणाऱ्या रेणूची ऊर्जा काढून घेतात. चमक किती घटेल याचं गणित श्टर्न आणि फोल्मर यांनी १९१९ मध्येच मांडलं.

तिसरी: अंतर. दोन वेगवेगळे रंग जाळ्यात बसवले, तर ते १ ते १० नॅनोमीटरच्या टप्प्यात असताना एकाची ऊर्जा दुसऱ्याला मिळते. ही देवाणघेवाण अंतराच्या सहाव्या घातावर ठरते, त्यामुळे जेल जरासं फुगलं तरी रंगांचं प्रमाण बदलतं.

चौथी: मोकळीक. बहुतेक रंग दाटीवाटीत मंदावतात. बेन झोंग तांग यांच्या हाँगकाँगमधल्या गटाने २००१ मध्ये उलट वागणाऱ्या रेणूंकडे लक्ष वेधलं. पातळ द्रावणात ते गरागरा फिरतात आणि ऊर्जा हालचालीत घालवतात. हलायला जागा उरली नाही की चमकतात. असे रेणू आकसलेल्या जेलमध्ये तेजस्वी दिसतात आणि फुगलेल्यात मंद.

६. चमक वाढणारा संवेदक चांगला की विझणारा?

वाढणारा. आणि त्याहून चांगला, दोन रंगांचं गुणोत्तर दाखवणारा.

विझणाऱ्या संवेदकाची अडचण साधी आहे. चमक कमी व्हायला शंभर कारणं असतात: दिवा जुना झाला, जेल सरकलं, पाणी गढूळ होतं, रंग उडाला. मोजायचा पदार्थ हे त्यातलं एकच कारण. चमक वाढायला मात्र सहसा काहीतरी घडावंच लागतं (तरी प्रश्न १८ वाचा). दोन रंगांपैकी एक बदलत असेल आणि दुसरा स्थिर असेल, तर दिव्याची तीव्रता, जेलची जाडी, कॅमेऱ्याचं अंतर यांचे चढउतार भागाकारात बऱ्यापैकी निघून जातात.

७. घरी किंवा शाळेत करून पाहता येईल असा एखादा प्रयोग?

हो, आणि तो संवेदकाच्या सगळ्या गोष्टी एका बशीत दाखवतो. लागेल ते एवढंच: बाटलीवर क्विनाइनचा उल्लेख असलेलं टॉनिक वॉटर, चायना ग्रासची पूड, मीठ, साखर आणि ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च.

अर्धा कप पाण्यात एक लहान चमचा चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. गॅस बंद करून त्यात अर्धा कप टॉनिक वॉटर मिसळा. ते फ्रीजमधलं थंडगार नको, नाहीतर गुठळ्या होतात. टॉनिक वॉटर आम्लयुक्त असतं आणि आम्लात उकळलं तर चायना ग्रासची पकड ढिली होते, म्हणून ते नंतर घालायचं. मिश्रण पसरट बशीत ओतून गोठू द्या. अंधारात टॉर्च मारला की जेली निळी चमकते. आता एका कडेला चिमूटभर मीठ ठेवा आणि समोरच्या कडेला तेवढीच साखर.

मिठाखाली निळा रंग विझू लागतो. क्लोराइड क्विनाइनची चमक विझवतो (प्रश्न ५मधली दुसरी वाट). अर्ध्या तासात गडद डाग काही मिलिमीटर सरकलेला दिसतो, रात्रभर ठेवला तर बराच पुढे जातो. साखरेच्या बाजूला चमक टिकून राहते. मुलांना ती बाजू आवर्जून दाखवा. साखर ठेवली नसती, तर ‘काहीही ठेवलं तरी चमक विझते’ ही शंका कायम राहिली असती. टॉर्च डोळ्यांवर मारू नका आणि ही जेली खाऊ नका.

क्विनाइनच्याच कुळातल्या क्विनोलिन रेणूंवरून पेशींमधला क्लोराइड मोजायचे रंग तयार झाले आहेत. म्हणजे बशीतलं तत्त्व खेळण्यातलं नाही.

८. हे संवेदक पीएच कसा सांगतात? लिटमसपेक्षा वेगळं काय?

रंगाचा रेणू प्रोटॉन धरतो किंवा सोडतो आणि त्याप्रमाणे चमक बदलते. प्रत्येक रंगाचा स्वतःचा मध्यबिंदू असतो आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे साधारण एक-एक पीएच एवढ्याच पट्ट्यात तो नीट मोजतो. फ्लोरेसिनचा मध्यबिंदू ६.४च्या आसपास, पायरानिनचा ७.३च्या आसपास. पिण्याच्या पाण्याला ६.५ ते ८.५ हा पट्टा लागतो, तो एका रंगाच्या काठाकाठाने जेमतेम भरतो. पायरानिनला दोन वेगळ्या तरंगलांबींनी उजळवून गुणोत्तर घेता येतं, म्हणून तो इतका वापरला जातो.

लिटमस एकदा बुडवून फेकतो. जेल तासन्‌तास जागेवर राहून चढउतार दाखवतं. निरोगी त्वचा आम्लधर्मी असते आणि रेंगाळलेली जखम बहुधा अल्कधर्मी होते, त्यामुळे ड्रेसिंग न काढता जखमेची स्थिती कळावी यासाठी अशा पट्ट्यांवर जगभर काम चालू आहे.

९. मासळी ताजी आहे की नाही हे सांगणारी जेलची चकती खरंच असते का?

संशोधनात आहे. मासळी खराब होताना अमोनिया आणि इतर अमाइन वायू सुटतात. ते ओल्या जेलमध्ये विरघळतात, जेलचा पीएच चढतो आणि फ्लोरेसिनसारखा रंग उजळतो. अडचण अशी की बर्फ, पाकिटातली मोकळी हवा आणि माशाची जात यांवर वायूचं प्रमाण फार बदलतं. बांगड्यासाठी जुळवलेली चकती कोळंबीला तशीच लावता येत नाही.

१०. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारे मीटर याच तत्त्वावर चालतात का?

प्रकाशावर चालणारे मीटर, हो. मत्स्यपालनाच्या तळ्यात आणि सांडपाणी प्रकल्पात ते सर्रास दिसतात. टोकावरच्या थरात रुथेनियम किंवा प्लॅटिनमचं संयुग असतं आणि ऑक्सिजन त्याची दीप्ती विझवतो. मीटर बहुधा किती उजेड आहे यापेक्षा तो किती लवकर विझतो हे मोजतं. त्यामुळे थर थोडा झिजला तरी आकडा फारसा ढळत नाही.

इथला अपवाद लक्षात ठेवा: तो थर बहुतेक वेळा हायड्रोजेलचा नसतो, सिलिकोन किंवा पॉलिस्टायरिनसारख्या पाणी टाळणाऱ्या पदार्थाचा असतो. ऑक्सिजन त्यातून आरपार जातो आणि क्षार बाहेरच अडतात. आयन किंवा साखर मोजायची तर त्यांना पाण्यातून आत यावं लागतं, तिथे हायड्रोजेल सोयीचं पडतं.

११. माझ्या विहिरीतलं शिसं किंवा पारा अशा जेलने तपासता येईल का?

आज पिण्याचा निर्णय त्यावर घेऊ नका.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम आहे. रसायनशास्त्राच्या भाषेत, म्हणजे वजनाऐवजी लिटरमधल्या अणू-रेणूंच्या संख्येवरून मोजलं तर, शिसं साधारण ४८ नॅनोमोलर आणि पारा फक्त ५. अनेक शोधनिबंधांत मायक्रोमोलरमध्ये आकडे दिसतात. ते ‘अतिसंवेदनशील’ म्हटलेले असले तरी पाऱ्याच्या मर्यादेपेक्षा दोनशे पट वर असू शकतात, कारण १ मायक्रोमोलर म्हणजे १००० नॅनोमोलर.

लोखंडाबाबत वेगळाच गोंधळ आहे. कार्बन डॉट (कार्बनचे चमकणारे अतिसूक्ष्म कण) भरलेलं जेल फेरिक आयन ओळखतं, असं पुष्कळदा लिहिलेलं असतं. पण फेरिक आयन स्वतःच अतिनील प्रकाश शोषतो. जेलपर्यंत प्रकाशच कमी पोहोचला तर चमक कमी दिसणारच, आणि तसं कोणतंही पिवळट पाणी करू शकतं. शिवाय साध्या पीएचच्या पाण्यात मोकळा फेरिक आयन जवळजवळ राहतच नाही. बोअरचं पाणी उपसलं तेव्हा नितळ असतं आणि बादलीत ठेवल्यावर तांबूस होतं, ते यामुळेच. आत विरघळलेलं लोखंड फेरस रूपात असतं, हवा लागली की फेरिक होऊन गाळ बनून खाली बसतं. आम्लात फेरिक क्लोराइड विरघळवून जुळवलेला संवेदक या बादलीपुढे काय सांगणार?

पाण्याची खरी तपासणी हवी असेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या.

१२. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या पाण्यात फ्लोराइड आहे. त्यासाठी असं जेल का वापरत नाहीत?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो येणं रास्तच आहे. दातांवरचे डाग आणि वाकलेली हाडं या भागाने पाहिलेली आहेत. मानकातली मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. म्हणजे साधारण ५३ ते ७९ मायक्रोमोलर. वरच्या धातूंच्या मानाने हे प्रमाण भरपूर आहे, त्यामुळे संवेदनशीलता ही इथली अडचण नाही.

अडचण पाण्याची आहे. फ्लोराइड आयनाला पाण्याचे रेणू फार घट्ट बिलगलेले असतात. संवेदकाच्या हातात यायला त्याला हे आवरण सोडावं लागतं आणि ते तो सहजी सोडत नाही. अनेक सुंदर फ्लोराइड संवेदक ॲसिटोनायट्राइलसारख्या द्रावकात झगझगीत काम करतात आणि थोडं पाणी मिसळताच गप्प होतात. हायड्रोजेल तर पाण्यानेच भरलेलं. म्हणून जेलमध्ये फ्लोराइडसाठी वेगळी युक्ती लागते. एक म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजन बंध फ्लोराइडकडून तोडवून घ्यायचा. हे हळू होतं आणि जेल एकदाच वापरता येतं. दुसरी म्हणजे ॲल्युमिनियमसारख्या धातूशी बांधलेला चमकणारा रेणू ठेवायचा आणि फ्लोराइडला तो धातू हिसकावू द्यायचा. इथे फॉस्फेटही तीच हिसकाहिसकी करतं, त्यामुळे खतांचा अंश असलेल्या विहिरीत ही युक्ती दगा देऊ शकते.

तोवर फ्लोराइड इलेक्ट्रोड आणि प्रयोगशाळेतली रंगचाचणी हेच भरवशाचे मार्ग. आणि पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं.

१३. मधुमेहात वापरायचा असा संवेदक खरोखर बाजारात आला आहे का?

आला आहे. अमेरिकेच्या सेन्सिऑनिक्स कंपनीचा ‘एव्हरसेन्स’ हा दंडाच्या त्वचेखाली बसवायचा ग्लुकोज संवेदक. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो जून २०१८ मध्ये ९० दिवसांच्या वापरासाठी मान्य केला. पुढे मुदत वाढत २०२४ मध्ये ३६५ दिवसांची आवृत्ती मान्य झाली.

छोट्या कॅप्सूलच्या आकाराच्या या नळीवर हायड्रोजेलचा थर आहे, कॉन्टॅक्ट लेन्सच्या कुळातला. थरात बोरॉनिक आम्लाचे हात असलेला चमकणारा रेणू साखळीला पक्का जोडलेला आहे. ग्लुकोज हातात आलं की चमक वाढते, सुटलं की घटते. ग्लुकोज खर्ची पडत नाही, त्यामुळे संवेदक पुन्हा पुन्हा वाचत राहतो. आतला दिवा दंडावर बाहेरून चिकटवलेल्या ट्रान्समीटरकडून ऊर्जा घेतो.

बोरॉनिक आम्ल शेजारी-शेजारी असलेल्या हायड्रॉक्सिल जोड्या पकडतं. एकच हात असेल तर त्याला ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त प्रिय असतं. म्हणून ग्लुकोजच्या मापाच्या अंतरावर दोन हात बसवायची कल्पना पुढे आली. तरी निवड शंभर टक्के होत नाही. शिरेतून मॅनिटॉल किंवा सॉर्बिटॉल दिलं असेल तर आकडा खोटा वाढू शकतो, आणि टेट्रासायक्लिन गटातल्या प्रतिजैविकांनी खोटा उतरू शकतो. वापरणाऱ्याला आणि डॉक्टरांना हे माहीत असणं जीवनावश्यक आहे.

शिवाय शरीर परक्या वस्तूवर हल्ला करतं, आणि त्यातून निघणारं हायड्रोजन पेरॉक्साइड बोरॉनिक आम्लाला कुरतडतं. त्याला तोंड द्यायला जेलवर प्लॅटिनमचा पातळ लेप दिला, सूज आटोक्यात ठेवायला नळीवर डेक्सामेथासोन सोडणारी कडी बसवली. चमकणारा रेणू शोधणं हा प्रवासाचा छोटा भाग होता. त्याला शरीरात टिकवण्यातच खरी वर्षं गेली.

१४. उत्तर यायला किती वेळ लागतो?

जेलच्या जाडीवर ठरतं, आणि तेही वर्गाच्या प्रमाणात. लहान आयनाचा पाण्यात पसरत जाण्याचा (विसरणाचा) वेग धरला, तर एकाच बाजूने उघड्या ०.१ मिलिमीटर थरात साधारण १० सेकंद, १ मिलिमीटर थरात साधारण १००० सेकंद, म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटं. जाडी दहापट, वेळ शंभरपट. जाळं दाट असेल किंवा आयन साखळ्यांना चिकटत पुढे जात असेल, तर आणखी उशीर. एका मिनिटात उत्तर देणारी एक सेंटिमीटर जाडीची वडी असा दावा दिसला, तर फक्त पृष्ठभाग बदललेला आहे, असं समजा.

१५. एकदा वापरलेलं जेल पुन्हा वापरता येतं का?

पकड सैल असेल तर येतं. पीएच आणि ग्लुकोजची जेल आपोआप परततात. घट्ट धरलेला धातू काढायला ईडीटीएसारख्या, धातू स्वतःकडे ओढून घेणाऱ्या रसायनाच्या द्रावणात धुवावं लागतं. बंध तोडून चमकणारी (प्रश्न १२) परतत नाहीत. इथे एक अटळ देवघेव आहे: अगदी कमी प्रमाण पकडायचं तर पकड घट्ट लागते, आणि घट्ट पकड सोडवायला वेळ लागतो.

१६. रंग पाण्यात सुटून जात नाही का? आणि उन्हात उडत नाही का?

नुसता मिसळलेला रंग सुटतोच. तपासायला सोपं आहे: जेल एक रात्र स्वच्छ पाण्यात ठेवा, सकाळी त्या पाण्यावर यूव्ही टॉर्च मारा. पाणी चमकलं तर रंग सुटतो आहे. उपाय म्हणजे रंग साखळीला रासायनिक बंधाने जोडणं, किंवा जाळ्याच्या छिद्रापेक्षा मोठ्या कणात भरणं.

उन्हात बहुतेक सेंद्रिय रंग उडतात. फ्लोरेसिन त्यात बदनाम आहे. म्हणून सतत उजेड न टाकता मोजण्यापुरताच टाकतात. कार्बन डॉट आणि क्वांटम डॉट (अर्धवाहकाचे चमकणारे अतिसूक्ष्म कण) जास्त टिकतात. २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्वांटम डॉटांपैकी अनेकांत कॅडमियम असतं, हे पाण्यात वापरताना विसरून चालणार नाही.

अल्जिनेट, काइटोसान अशी नैसर्गिक जेलं सूक्ष्मजीव खातात, शिवाय कॅल्शियमने बांधलेलं अल्जिनेट फॉस्फेट किंवा सायट्रेट असलेल्या पाण्यात सुटं होतं. काही तासांच्या कामाला ती उत्तम आहेत, महिनाभराच्या नाहीत.

१७. प्रयोगशाळेत बरोबर आलेला पीएच खाडीच्या पाण्यात चुकतो. असं का?

जेलच्या आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एक नसतं. साखळ्यांवर ऋण भार असेल तर ते धन आयनांना आत खेचतात, त्यात प्रोटॉनही आले. कमी क्षाराच्या पाण्यात जेलच्या आतला पीएच बाहेरच्यापेक्षा कमी असतो. खारं पाणी आलं की भरपूर सोडियम हे भार झाकतो आणि फरक मिटतो. बाहेरचा पीएच तोच असूनही आकडा सरकतो. त्यातच क्षारामुळे जेल आकसतं आणि रंगांमधलं अंतर बदलतं.

भरती-ओहोटीला क्षारता दिवसातून अनेकदा बदलते अशा ठिकाणी हे फार जाणवतं. उपाय: शक्यतो भाररहित पॉलिमर घ्या, ज्या क्षारतेत वापरायचं त्याच क्षारतेत जुळवणी करा आणि शेजारी क्षारता मोजायची सोय ठेवा.

१८. चमक वाढली, तरी तो पदार्थ नसू शकतो का?

हो. पावसाळ्यात नदीत पालापाचोळा कुजून येणारे ह्यूमिक पदार्थ स्वतः निळसर चमकतात. कपड्यांच्या साबणातली ‘शुभ्रता’ आणणारी द्रव्यं तर चमकण्यासाठीच घातलेली असतात, आणि घाटाजवळच्या पाण्यात ती सापडतात. तापमान उतरलं तरी बहुतेक रंग जास्त चमकतात. ‘पीनिपाम’ हे पॉलिमर ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास एकदम आकसतं, आणि योग्य रंगाबरोबर त्याचा नाजूक तापमापक होतो. पण मोजायचा पदार्थ वेगळाच असेल आणि जेल या पॉलिमरचं असेल, तर दुपारचं ऊनच संवेदक ‘चालू’ करू शकतं.

पार्श्वभूमीच्या चमकेवरचा मला सर्वांत आवडणारा उपाय युरोपियम आणि टर्बियम या धातूंच्या संयुगांचा. यांची चमक मिलिसेकंदांच्या टप्प्यात टिकते, ह्यूमिक पदार्थांची नॅनोसेकंदांत संपते. दिवा लावून बंद करायचा, क्षणभर थांबायचं आणि मग मोजायचं. कचऱ्याची चमक तोवर विझलेली असते.

१९. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोजता येईल का?

गुणोत्तराचा संवेदक (प्रश्न ६) असेल तर बऱ्यापैकी. पण मोबाइल स्वतःहून उजेड आणि रंग ‘सुधारतो’, आणि तीच सुधारणा मोजमाप बिघडवते. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, काळ्या खोक्यात फोटो घ्या आणि प्रत्येक फोटोत माहीत प्रमाणाचं एक जेल शेजारी ठेवा. हे शेजारचं जेल टाळून काढलेले आकडे दोन वेगळ्या मोबाइलमध्ये जुळणार नाहीत.

२०. या विषयावरचा शोधनिबंध वाचताना आधी काय पाहावं?

मी आधी नियंत्रण प्रयोग पाहतो. रंग नसलेलं जेल, पदार्थ नसलेलं पाणी, तोच पीएच आणि क्षारता असलेलं पण पदार्थ नसलेलं पाणी. यातलं काही नसेल तर पुढचे आलेख कितीही देखणे असले तरी थांबतो.

मग निवडीचा तक्ता. स्पर्धक आयन एकेकटे घातलेत, की मोजायच्या आयनाबरोबर एकत्र? विहिरीत ते एकत्रच असतात. शोधमर्यादेचा (ओळखता येणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणाचा) आकडा बहुधा कोऱ्या नमुन्यातल्या चढउताराची तिप्पट भागिले प्रमाण-चमक आलेखातल्या रेषेचा उतार असा काढलेला असतो. हे गणित आहे. त्या प्रमाणाचा नमुना खरंच मोजून पाहिला का, ते वेगळं शोधा. शेवटी, नदीच्या किंवा नळाच्या पाण्यात मिळालेला आकडा दुसऱ्या मान्य पद्धतीशी ताडून पाहिला आहे का?

२१. वापरलेलं जेल कुठे टाकायचं?

प्रश्न ७मधली जेली ओल्या कचऱ्यात चालते. धातू पकडलेलं जेल मात्र नाल्यात किंवा बेसिनमध्ये टाकू नका. त्याने पाण्यातून जे गोळा केलं ते त्याच्यात साठलेलं आहे, आणि आम्ल लागलं की ते पुन्हा सुटतं. कॅडमियमचे क्वांटम डॉट असलेलं जेलही याच वर्गातलं. शाळा-कॉलेजात अशी जेलं झाकणाच्या बरणीत, वर नाव आणि तारीख लिहून साठवा आणि प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्याबरोबर द्या.